दाढ काढली, कळ तिथंच

हुडकेश्वरात आमच्या शेजारच्या काकूंनी दोन दाढा काढून घेतल्या. गालातली कळ काही गेली नाही. "वारा लागला तरी करंट मारते जी," म्हणायच्या. नागपुरात उन्हाळ्यात सगळेच तोंड बांधून फिरतात, काकू पावसाळ्यातही बांधायच्या. शेवटी मेडिकलमध्ये आजाराचं नाव कळलं, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. सलमान खानला झाला तोच. त्याच्या २०११ च्या अमेरिकेतल्या ऑपरेशनच्या बातम्या आपण चवीनं वाचल्या, पण आजार काय ते किती जणांना कळलं?

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ही एकेक नस. तिच्या तीन फांद्या: कपाळ आणि डोळा, गाल आणि वरचे दात, खालचा जबडा. नाकावर बसलेली माशी असो की दाढदुखी, निरोप याच नसेनं मेंदूच्या बुडाशी जातो. तिथं हलका स्पर्श एका केंद्रात, दुखणं आणि गरम-गार दुसऱ्यात. पुढे बहुतेक निरोप बाजू ओलांडतात, म्हणून डाव्या गालाची कळ उजव्या मेंदूत पोचते.

आणि सावजी रस्सा खाल्ल्यावर होणारी आग? ती चव नव्हेच. भिवापुरी मिरचीतलं कॅप्सेसिन याच नसेची उष्णता ओळखणारी टोकं चेतवतं, मेंदूला वाटतं तोंड भाजलं. हे कोडं सोडवणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

या आजारात बहुतेक वेळा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबते, नसेचं आवरण झिजतं. उघड्या वायरी एकमेकींना चिकटाव्यात तसं होतं, साधा स्पर्श दुखण्याच्या तारेत शिरतो. फॉल्ट खांबावर आणि आपण घरातले बल्ब काढतोय!

पहिलं औषध कार्बामाझेपिन. मिरगीची जुनी गोळी, केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मध्ये रक्त तपासावं लागतं. एमआरआय कारण शोधायला लागतो, पण संशय यायला तीन प्रश्न पुरतात. कळ विजेसारखी, काही क्षणांचीच येते का? ब्रश, वारा, घास लागताच येते का? एकाच बाजूला येते का?

महापालिकेच्या दवाखान्यांत हे तीन प्रश्न भिंतीवर लावायला किती खर्च येतो? आरोग्य विभागाला पत्र देतोय. तुमच्या घरी कुणाच्या दाढा अशाच गेल्या असतील तर खाली लिहा, पत्राला जोडतो. नाव नको, वस्ती पुरे.