अडलेली झडप

तक्रार न करणाऱ्या पाहुण्यासारखा अवघड पाहुणा दुसरा नाहीं. माझी आई या वर्गांत मोडते. वाईहून ती लीड्सला आमच्याकडे आपला पहिला विलायती हिंवाळा काढावयास आली, आणि जानेवारीचा पहिला आठवडा संपेपर्यंत "खोली कशी आहे?" या माझ्या प्रश्नाला "छान आहे हो!" एवढेंच उत्तर देत राहिली. एके रात्रीं तिच्या अंगावर दोन स्वेटर आणि वर शाल पाहून मीं तिच्या खोलींत उष्णतामापक टांगला. १३ अंश! दिवाणखान्यांत त्याच वेळीं २० अंश होते. वृद्ध माणसाच्या खोलींत निदान १८ अंश तरी ऊब असावी असें तेथील आरोग्यखातें सांगतें. थंडीनें रक्तदाब वाढतो, छातीचे विकार बळावतात. आईनें सत्तरी ओलांडलेली. नळकारागिरानें आठ दिवसांनंतरची वेळ दिली, तेव्हां दुखणें आपणच शोधावें असें मीं ठरविलें.

"पण ही ऊब येते तरी कुठून?" आईनें विचारलें. मीं सांगितलें: स्वयंपाकघरांत भिंतीवर गॅसचा बॉयलर आहे, तो पाणी तापवितो, पंप तें नळांतून खोल्याखोल्यांत फिरवितो, आणि खिडकीखालच्या पोलादी पत्र्याच्या पेट्या, म्हणजे रेडिएटर, त्या पाण्याची उष्णता खोलीला देऊन तें पुन्हां बॉयलरकडे धाडतात.

"म्हणजे बंबच कीं! मग पाणी कढत आहे, बाकीच्यांना पोंचतें आहे, तर हिचीच तोटी अडली असेल."

तांब्याच्या बंबाशीं जन्म काढलेल्या बाईचें हें निदान मला तत्काळ पटलें. तरीहि वैद्यानें आधीं नाडी पाहावी हें बरें. रेडिएटरची नाडी तळहातानेंच पाहावयाची असते. वरचा भाग गार व खालचा ऊन असेल, तर आंत हवा कोंडली आहे. छोट्या किल्लीनें ती सोडली कीं काम भागतें. खालचा मधला भाग गार असेल, तर लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ सांचला आहे, आणि तें काम मोठें. आमची पेटी मात्र नखशिखांत गार होती. नळ झडपेपर्यंत चटका बसेल इतका तापलेला, आणि पलीकडे जणूं हिमालय! दुसऱ्या टोंकाची झडप उघडी होती. संशयाला दुसरी जागाच उरली नाहीं.

या झडपेवर एक ते पांच आंकड्यांची टोपी असते. डेन्मार्कच्या माड्स क्लाउसेन यानें १९४३ सालीं, देश जर्मनांच्या ताब्यांत असतांना, ही युक्ति काढली. टोपीच्या पोटांत मेण किंवा एखादा द्रव असतो. खोली तापली कीं तो फुगतो, खालच्या बारीक खुंटीला आंत रेटतो आणि पाण्याची वाट बंद होते. खोली निवली कीं तो आकसतो, स्प्रिंग खुंटीला वर उचलते आणि वाट मोकळी होते. वीज नाहीं, तार नाहीं, पहारेकरी नाहीं! मला या टोपीचें फार कौतुक वाटतें. मात्र तिला कळते ती स्वतःभोंवतालची हवा. तिच्यावर जाड पडदा सोडला, तर ती आंतल्या आंत ऊब खात बसते आणि खोली गारठते. पुष्कळ लोक खोली लवकर तापावी म्हणून आंकडा पांचावर नेतात. त्यानें पाणी लवकर धांवत नाहीं, तें फक्त उशिरां थांबतें. तीन म्हणजे सुमारें २० अंश.

आकडा पांचावर नेऊन मीं टोपी काढली. खुंटी खालीं दबलेलीच होती. वर यावयास तयार नाहीं! आधीच्या बिऱ्हाडानें ही खोली कित्येक महिने बंद ठेविली होती, म्हणे. दबल्या जागींच ती धरून बसली असावी. अशा वेळीं सांडशीनें ओढण्याचा मोह होतो, आणि तोच घातक. खुंटी उपटून हातांत आली तर मागोमाग कढत पाणी. मीं सिलिकोनच्या वंगणाचा एक थेंब सोडला, पांच मिनिटें थांबलों. आईनें स्वयंपाकघरांतून लाटणें आणून दिलें. त्याच्या टोंकानें झडपेच्या अंगावर हलके हलके ठोकीत राहिलों. सातव्या कीं आठव्या ठोक्याला खुंटी टुणकन दोनतीन मिलिमीटर वर आली, आणि पेटींत खळखळ झाली.

"आलें पाणी," आई म्हणाली. जणूं वाईच्या नळाला सकाळचें पाणी आलें होतें.

खुंटी मीं दहाबारा वेळां दाबून सोडली, प्रत्येक वेळीं ती आपण होऊन वर येते ना हें पाहिलें, आणि मग टोपी बसविली. पहांटे खोलींत १९ अंश होते. कारागिराची वेळ मीं रद्द केली नाहीं. एकदां अडलेली झडप पुन्हां अडूं शकते, आणि जुनी झाली असेल तर ती बदलणेंच योग्य. आतां मेमध्यें बॉयलर विसावला कीं घरांतल्या साऱ्या टोप्या मी पांचावर नेऊन ठेवितों, म्हणजे खुंट्या उन्हाळाभर मोकळ्या उभ्या राहतात.