घराची हिस्टरी



गेल्या हिवाळ्यात सुमारे साडेचार महिने मी नाशिकमध्ये नव्हते. परत आल्यावर अनेक पेशंट्सनी विचारलं, "मॅडम, कुठे होतात?" लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले होते. नात झाली, सगळं छान पार पडलं. पण मधल्या काळात असा एक प्रसंग घडला, की तीस वर्षं प्रॅक्टिस करूनही माझं निदान सपशेल चुकलं, तेही माझ्याच घरच्यांच्या बाबतीत. आज तोच लिहिते आहे. नाशिकमध्येही थंडीत तो कोणाच्याही घरी घडू शकतो.

१९२७ सालचं घर

लेक-जावई न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात राहतात. ऑन्टारिओ सरोवर तिथून जवळ. थंड वारे सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतात आणि काठाच्या गावांवर बर्फ ओततात. तिथे वर्षाला सरासरी दहा फुटांहून जास्त बर्फ पडतो.

त्यांनी उन्हाळ्यात घर घेतलं ते १९२७ सालचं. लाकडी, दुमजली, खाली तळघर, मधून वर गेलेलं विटांचं जाडजूड धुराडं. जिना चढताना प्रत्येक पायरी वेगळ्या सुरात करकरायची. मी आणि माझे यजमान नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचलो तेव्हा दुरुस्तीचं काम ऐन भरात होतं.

पहिल्याच आठवड्यात मला हसू आलं ते रंगकामाचं. एका खोलीचा जुना रंग खरवडायचा, तर कामगारांनी दाराला प्लॅस्टिकचा पडदा लावला, तोंडाला मास्क बांधले आणि बजावलं, "गरोदर बाई आणि लहान मूल इकडे फिरकता कामा नये." मी म्हटलं, भिंत खरवडायला एवढं सोंग कशाला? पण ते सोंग नव्हतं. अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरांत रंगाच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. खरवडलं की त्याची धूळ जमिनीवर बसते, रांगणारं मूल हात तोंडात घालतं आणि शिसं पोटात जातं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले. म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या दार-खिडक्याही खरवडताना हीच काळजी हवी. कोरडं घासू नये, ओलं करून काढावं, आणि पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवावं.

डिसेंबरपर्यंत घराचा कायापालट झाला. कडकड वाजणाऱ्या जुन्या खिडक्या जाऊन दुहेरी काचेच्या आल्या. भिंतींतल्या फटी बुजल्या. तळघरातला म्हातारा बॉयलर काढून नवा बसवला. त्याचा धूर विटांच्या धुराड्यातून न जाता भिंतीतून काढलेल्या वेगळ्या पाइपने बाहेर जाऊ लागला. पाणी तापवायची गॅसची टाकी मात्र चांगली चालू होती, म्हणून ती तशीच ठेवली. आणि खास माझ्या फोडणीसाठी स्वयंपाकघरात चांगली जोरदार चिमणी बसवली. "आई, आता हवी तेवढी मिरची जाळ," लेक म्हणाली.

मी काय पाहत होते

जानेवारीच्या सुरुवातीला तीन दिवस सलग बर्फ पडला. दारासमोर मांडीएवढा थर. जावई फावड्याने बर्फ उपसायचा. माझ्या यजमानांना एक स्टेंट आहे, त्यामुळे त्यांना फावड्याला हात लावायची मी सक्त मनाई केली होती. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात हातांनी जड उचलायचं आणि उचलताना श्वास रोखून धरायचा. हृदयाला हे सगळं एकदम झेपत नाही. बर्फ उपसताना हार्ट अटॅक येतात ते यामुळे. मग हे कानटोपी घालून शेजारी उभे राहून तासन् तास सूचना द्यायचे.

आम्ही तिघी आतच. लेकीला सातवा महिना संपत आलेला. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "आई, डोकं जड झालंय."

गरोदर बाईचं डोकं दुखलं की डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती रक्तदाबाची. मी लगेच मोजला. ११०/७०. पायाला सूज नाही, नजरेत फरक नाही. म्हटलं, झोप कमी झाली असेल. दुसऱ्या दिवशी माझंही डोकं दुखलं, मळमळलं. अडीच वर्षांची थोरली नात एरवी घर डोक्यावर घेणारी, ती दुपारी चार वाजता सोफ्यावर पेंगायला लागली. संध्याकाळी एकदा उलटी झाली. ताप नाही, सर्दी नाही. मी निदान जाहीर केलं, "व्हायरल आहे. घरात एकाला झालं की सगळ्यांना होतं."

खात्रीसाठी पल्स ऑक्सिमीटर लावला. तिघींचंही ९८. माझं समाधान झालं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमटीला फोडणी दिली, चिमणी पूर्ण वेगावर लावली. कणीक मळता मळता मला गरगरलं. ओट्याला धरून उभी राहिले. तेवढ्यात यजमान बाहेरून आले, गाल लाल, एकदम ताजेतवाने. म्हणाले, "तुम्हा तिघींनाच कसं होतं गं हे? मला आणि जावईबापूंना काहीच नाही."

त्या एका वाक्याने मला काही वर्षांपूर्वीची एक पेशंट आठवली. नाशिकमधलीच, नवं लग्न झालेली मुलगी. थंडीच्या दिवसात आंघोळ करताना बाथरूममध्ये बेशुद्ध पडली. घरचे म्हणाले, फिट आली. बाथरूममध्ये गॅस गिझर होता, खिडकीला थंडी नको म्हणून पुठ्ठा लावलेला होता. ती वाचली, पण दार फोडायला आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती.

मी जावयाला ओरडून विचारलं, "इथे घरात गॅसचा भोंगा असतो ना? तो कुठे आहे?"

तो ड्रॉवरमध्ये होता. रंगकामाच्या वेळी भिंतीवरून काढलेला, स्क्रूंच्या डबीशेजारी ठेवलेला. परत लावायचं राहून गेलं होतं. जावयाने बॅटरी घातली, तो तळघराच्या जिन्याशी घेऊन गेला आणि थोड्याच वेळात तो किंचाळायला लागला.

बाहेर

गॅस बंद करायला किंवा सामान आवरायला आम्ही थांबलो नाही. नातीला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, लेकीचा हात धरला आणि सगळे बाहेर. उणे तापमानात माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या. गाडीत बसून हीटर लावण्याआधी जावयाने गाडीच्या मागचा सायलेन्सर बर्फातून मोकळा केला. तो बुजलेला असेल तर हाच वायू गाडीत भरतो. मग ९११ला फोन केला.

अग्निशमन दलाची माणसं मीटर घेऊन आत गेली. पाणी तापवायच्या टाकीजवळ आकडा सर्वांत जास्त होता. त्यांनी गॅस बंद केला आणि आम्हाला हॉस्पिटलमध्ये पाठवलं. रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तपासलं. सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं. माझं ११ टक्के, लेकीचं ९, नातीचं १०. तोंडाला मास्क लावून शंभर टक्के ऑक्सिजन सुरू झाला. लेकीच्या पोटावर बाळाचे ठोके मोजणारं यंत्र लावलं. ते ठोके ऐकत मी रात्रभर खुर्चीत बसून होते. एक डॉक्टर आणि एक आई, दोघींनाही स्वतःची लाज वाटत होती.

शरीरात नेमकं काय होतं?

गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल यांपैकी काहीही अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या सिलेंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. याला तसं काही नसतं. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहतं, पण पेशींपर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही. मेंदू आणि हृदय आधी तक्रार करतात.

पल्स ऑक्सिमीटरने मला फसवलं ते यामुळेच. बोटाला लावायचं साधं यंत्र रक्ताचा लालपणा पाहतं. ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस गुदमरत असला तरी ते ९८ दाखवू शकतं.

साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन तो जास्त घट्ट धरून ठेवतं आणि उशिरा सोडतं. म्हणून लेकीला आम्हा दोघींपेक्षा बराच जास्त वेळ ऑक्सिजन दिला.

दोष कोणाचा?

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. त्याने टाकीच्या वर धुराच्या तोंडाशी उदबत्तीसारखी धूर सोडणारी कांडी धरली. धूर मंदपणे धुराड्यात जात होता. मग मला स्वयंपाकघरातली चिमणी लावायला सांगितली. धुराची रेघ वळली आणि खोलीत येऊ लागली.

त्याने समजावलं ते असं. पूर्वी बॉयलर आणि टाकी दोघांचा गरम धूर त्या मोठ्या धुराड्यातून जायचा, त्यामुळे ते तापलेलं राहायचं आणि धूर वर ओढायचं. आता बॉयलर वेगळा झाला. एकट्या छोट्या टाकीला एवढं मोठं, थंडगार धुराडं तापवता येईना. जुन्या खिडक्यांच्या फटींतून पूर्वी ताजी हवा आत यायची, त्याही बंद झाल्या. चिमणी घरातली हवा बाहेर फेकत होती, तिच्या जागी हवा कुठून तरी यायलाच हवी. ती धुराड्यातून उलटी येऊ लागली, सोबत धूर घेऊन. ज्योतीला ताजी हवा कमी पडली आणि विषारी वायू वाढत गेला.

खिडक्या बसवणाऱ्याचं काम चोख होतं. बॉयलर उत्तम होता. चिमणीही उत्तम होती. पण सगळं घर एकत्र कोणी पाहिलं नव्हतं.

मला माझे वयस्कर पेशंट्स आठवले. हृदयाच्या डॉक्टरांची गोळी, गुडघ्याच्या डॉक्टरांची गोळी, झोपेची वेगळी, लघवीची वेगळी. प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर. पण सगळ्या एका पिशवीत एकत्र पाहिल्याशिवाय आजीबाई रोज सकाळी चक्कर येऊन का पडतात हे कळत नाही. जुन्या शरीराचं आणि जुन्या घराचं सारखंच. एक गोष्ट बदलली की बाकीच्यांवर काय परिणाम होईल, हे विचारणारं कोणीतरी लागतं. आमच्या घरात ते काम माझं होतं.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, ताप मात्र नाही, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतंय, तर आधी हवेचा संशय घ्या.

• गॅस गिझर बाथरूमच्या आत नको. तो मोकळ्या हवेत, बाहेरच्या बाजूला बसवून घ्या. आत असेलच, तर बादली भरून गिझर बंद करा आणि मग आंघोळीला जा. खिडकी, झरोका कधीही बुजवू नका.

• बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नका. जनरेटर घरात किंवा बंद गॅरेजमध्ये चालवू नका.

• संशय आला तर सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, मग १०८ किंवा ११२ला फोन करा. बेशुद्ध माणसाला बाहेर काढायला जाताना दार-खिडक्या सताड उघडा आणि स्वतः आत रेंगाळू नका.

• डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "घरात गॅस गिझर आहे" किंवा "शेगडी पेटवली होती". ऑक्सिमीटरच्या आकड्यावर समाधान मानू नका.

• कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. घेतलात तर भिंतीवर लावा. ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

फेब्रुवारीत धाकटी नात झाली, अगदी ठणठणीत. टाकी बदलली होती, नवीचा धूरही पाइपने थेट बाहेर जात होता. भोंगे आता प्रत्येक मजल्यावर आहेत. मार्चमध्ये निघताना दारासमोरचा बर्फ वितळून खालचं गवत दिसायला लागलं होतं. थोरलीला जिन्याच्या कुठल्या पायरीचा कुठला आवाज, हे पाठ झालं होतं.

परत आल्यापासून डोकेदुखीच्या पेशंटला मी दोन प्रश्न जास्त विचारते, "घरात आणखी कोणाचं दुखतंय का?" आणि "गिझर कुठे बसवलाय?" ओपीडीत गर्दी असली तरी विचारते. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.

काळजी घ्या.