घाण्यागणिक एक तबकडी

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या घरची कढई खाली उतरत नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवून झाले होते, गुळातलं पीठ डब्यात मुरत होतं, भाजणी गिरणीतून आली होती. दोन्ही हात पिठात. म्हणून मोबाइल फडताळात ठेवला आणि ७८ गतीच्या जुन्या तबकड्यांची गाणी लावली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. चकलीचा घाणा निघेपर्यंत एक राग होतो.

केसरबाई केरकरांचं नाव कुणाला ठाऊक नसतं? पण ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी मी मन लावून ऐकली ती यंदाच. एवढ्याशा वेळात कुठेही घाई नाही. खुला, भरदार आकार, आणि एक तान संपते तिथेच दुसरीची वाट दिसते. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचं संगीत पाठवलं, त्या तबकडीवर भारताचं हे एकच गाणं आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. हे वाचलं आणि मी गॅस बंद करून ती भैरवी पुन्हा ऐकली.

मग मोगूबाई कुर्डीकर. गुरू केसरबाईंचेच, अल्लादियाखाँ; पण इथे कान लयीकडे लागतात. बोल तालाला बगल देत फिरतात आणि समेवर अलगद उतरतात. आजवर मी त्यांना किशोरीताई आमोणकरांच्या आई म्हणूनच ओळखत होते, याची खंत वाटली. त्यांचं कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती उघडी पडतात आणि गावकरी तिथे पुन्हा जमतात. त्या गावाचं नाव या गाण्यात राहिलंय.

सुरेशबाबू माने शेवटी सापडले. हिराबाई बडोदेकरांचे भाऊ, प्रभा अत्रे यांचे गुरू. मृदू गाणं, करंज्या भरताना ऐकावं असं.

संध्याकाळी केसरबाई तिसऱ्यांदा लावल्या. सासूबाई सोऱ्या पुसत म्हणाल्या, “अगं, भैरवी झाली की मैफल संपते. शेव राहिलीय अजून.”

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “लाव पुन्हा.”