पांचव्या चाकावरचें घर

अमेरिकेंत ‘पांचवें चाक’ या नांवाची एक घरगाडी असते. तिचीं चाकें मोजूं गेल्यास चार भरतात, मोठीस सहा. पांच मात्र कोणत्याच गाडीस नसतात. हें चमत्कारिक नांव घोडागाडीच्या काळापासून चालत आलेलें आहे. चार चाकी घोडागाडीचा पुढचा आंस वळावा म्हणून त्यावर एक लोखंडी कडें आडवें बसवीत, आणि गाडीचा पुढचा भाग त्या कड्यावर टेकलेला असे. मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया गाड्या ज्या पालकांनीं निरखून पाहिल्या असतील त्यांस तें कडें आठवेल. भुईस कधींही न लागणारें, पण गाडीस वळण देणारें असें तें चाक, म्हणून पांचवें. घोडे गेले, मोटारी आल्या. तरी मालाच्या लांब ट्रकांत मागची गाडी पुढच्या इंजिनगाडीच्या ज्या तबकडीवर टेकते, तिला तेंच नांव राहिलें. विमानविद्येंत कीर्ति मिळविलेले ग्लेन कर्टिस (१८७८–१९३०) यांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत विमानाच्या धर्तीवर एक हलकी राहती गाडी बांधली, आणि तिचें तोंड मोटारीच्या मागच्या भागांत टेकविलें. त्याच युक्तीचा विस्तार म्हणजे आजची ही घरगाडी होय.

साध्या ट्रेलराचा जोड ओढणाऱ्या गाडीच्या शेपटीस, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागें असतो. उसाच्या हंगामांत ट्रॅक्टरामागें दोन दोन भरलेल्या ट्रॉल्या लावून चाललेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिल्याच आहेत. चढावर त्या ट्रॅक्टराचीं पुढचीं चाकें उचलूं लागतात, कारण सर्व ओढ शेपटीशीं असते. पांचव्या चाकाचा जोड पिकअप ट्रकाच्या हौद्यांत, बरोबर मागच्या आंसावर किंवा त्याच्या किंचित् पुढें असतो. घरगाडीच्या नाकाखालीं दोन इंच जाडीची एक पोलादी पिन असते. ती तबकडीच्या जबड्यांत अडकते. त्यामुळें भार आंसावर येतो, आणि वाऱ्यानें मागची गाडी डुलण्याचें भय पुष्कळ कमी होतें. बैलगाडी भरणारा शेतकरी हें तत्त्व पुस्तकावांचून जाणतो. माल मागें फार झाला तर गाडी उलाळ होते. पुढें फार झाला तर तो बैलांच्या मानेवर बसतो. साध्या ट्रेलरांत एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा जोडावर यावा असा प्रघात आहे; पांचव्या चाकांत तो बहुधा पांचवा हिस्सा असतो, कधीं चवथाही होतो. या पांचव्या हिश्श्यानें आमच्या थोरल्या बंधूंच्या घरांत तीन आठवडे वाद चालविला होता.

बंधू आमच्याहून बारा वर्षांनीं वडील. इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड शहरीं त्यांची सारी नोकरी झाली. २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब त्यांजकडे गेलों, तेव्हां ते नुकतेच निवृत्त झाले होते. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. तीमुळेंच नोकरी ठरल्या वेळेच्या आधीं सुटली. मुलगा कोलोरॅडो संस्थानांत डेन्व्हर येथें, मुलगी त्याच संस्थानांत पण रॉकी पर्वताच्या पलीकडे ग्रँड जंक्शन येथें, आणि दोघांचीं मिळून चार नातवंडें. मुलांच्या घरीं महिनोन्‌महिने पाहुणे होऊन राहणें वहिनींस रुचेना. आपलें घर आपल्याबरोबर न्यावें, गांवाजवळच्या तळावर उभें करावें, आणि नातवंडांस आपल्या हातचें जेवावयास बोलवावें, एवढीच त्यांची इच्छा होती. साउथ बेंडला लागून असलेला एल्कहार्टचा परिसर म्हणजे या घरगाड्यांचें माहेर. अमेरिकेंत होणाऱ्या घरगाड्यांपैकीं बहुतेक तेथेंच बांधल्या जातात. मक्याच्या शेतांच्या कडेनें त्यांच्या पांढऱ्या रांगाच रांगा उभ्या दिसतात.

दादांच्या मनांत भरली ती अडतीस फुटी. उभी केल्यावर तिच्या तीन भिंती बटण दाबतांच बाहेर सरकतात व आंत दिवाणखाना होतो. वहिनींनीं ना दिवाणखाना पाहिला, ना भट्टी. त्यांनीं जेवणाचें टेबल पाहिलें. तें सहा माणसांचें होतें. चार नातवंडें आणि आपण दोघें, असें त्यांनीं बोटांवर मोजलें, आणि गाडी ठरल्यासारखीच झाली.

दादांचा जुना ट्रक अर्धाटनी. तो या कामीं निरुपयोगी हें विक्रेत्यानेंही सांगितलें, आणि शेजारच्याच आवारांतील एक पाऊणटनी डिझेल ट्रक दाखविला. “हा अठरा हजार पौंड ओढतो; गाडी तर साडेबारा हजारांचीच आहे,” असें तो म्हणाला. त्याचें बोलणें खोटें नव्हतें, अपुरें होतें. अर्धाटनी, पाऊणटनी, एकटनी हीं नांवें एके काळीं ट्रक किती ओझें पाठीवर घेतो यावरून पडलीं. आज तीं केवळ नांवेंच उरलीं आहेत, त्यांवरून कांहींही मोजूं नये. तसेंच साडेबारा हजार हें कोऱ्या गाडीचें वजन. त्यांत पाणी नाहीं, भांडीं नाहींत, अंथरुणें नाहींत. तिकडच्या साठ गॅलन पाण्याचेंच वजन पांचशें पौंड होतें. माणूस राहूं लागलें कीं घर भरतें, मग तें चाकांवर असो वा पायावर. म्हणून हिशेब कोऱ्या वजनाचा न करतां कारखान्यानें ठरविलेल्या कमाल मर्यादेचा करावा; ती या गाडीची १५,५०० पौंड, म्हणजे सुमारें सात टन होती.

“मास्तर, तूं गणित शिकवितोस ना? मग कर कीं हिशेब,” असें दादा थट्टेनें म्हणाले. आम्हीं ट्रकाचें दार उघडलें. चालकाच्या दाराच्या चौकटीवर प्रत्येक ट्रकास एक चिठ्ठी चिकटविलेली असते. आंत बसणारीं माणसें व लादलेलें ओझें मिळून किती पौंडांवर जाऊं नये हें तींत त्या एकाच ट्रकापुरतें छापलेलें असतें. जाहिरातींतील आंकडे सबंध जातीचे असतात, चिठ्ठीचा आंकडा व्यक्तीचा. तो होता २,१८० पौंड. आतां १५,५०० चा पांचवा हिस्सा ३,१०० पौंड पिनेवर येणार. तबकडी व तिचा सांगाडा २००. दादा १९०, वहिनी १४०. हत्यारें व किरकोळ सामान १००. बेरीज ३,७३०. म्हणजे जो ट्रक अठरा हजार ओढूं शकत होता, तो हें घर पाठीवर घेतांना १,५५० पौंडांनीं कमी पडत होता. डिझेल इंजिन बळकट खरें, पण तें स्वतःच जड असतें. ट्रकाची एकंदर मर्यादा तीच राहिली तर इंजिनाचें वाढलेलें वजन ओझ्याच्या हिश्श्यांतून वजा होतें. पुष्कळ पाऊणटनी ट्रकांची ती मर्यादा १०,००० पौंडांवरच बांधलेली आहे.

दादा म्हणाले, “अरे, येथें सगळेच असें नेतात.” तें खरें होतें, आम्हींही रस्त्यानें मागून बसलेले ट्रक पाहिले. पण चिठ्ठीवरचा आंकडा म्हणजे टायर, आंस, कमानी आणि ब्रेक या सर्वांनीं मिळून दिलेला शब्द आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा टायर आजवर फुटला नाहीं एवढ्यावरून आपला फुटणार नाहीं असें ठरत नाहीं.

ओढण्याच्या शक्तीची परीक्षा मात्र अमेरिकेंत आतां चांगली होते. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपापल्या मापानें आंकडे सांगे. २००८ सालीं मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें एक समान कसोटी प्रसिद्ध केली. ॲरिझोना संस्थानांत डेव्हिस डॅमजवळून एक रस्ता चढत जातो. सुमारें साडेअकरा मैलांचा तो चढ, १०० अंश फॅरेनहाइटचें ऊन, आंत थंड हवेचें यंत्र पूर्ण चालू, आणि तरीही वेग ठराविक मर्यादेखालीं उतरतां कामा नये. मौज अशी कीं त्या परीक्षेंत ट्रकांत दोन माणसें धरतात तीं प्रत्येकी १५० पौंडांचीं. आमच्या घराण्यांत त्या मापांत बसणारा पुरुष शोधावा लागेल.

पण आम्हांस भय चढाचें नव्हतें, उताराचें होतें. डेन्व्हरहून ग्रँड जंक्शनला जाणारा राजमार्ग आयझेनहॉवर बोगद्यांतून जातो, आणि तो बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे. तेथून खालीं येतांना ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात आणि धरीनासे होतात. त्या रस्त्याच्या कडेस जागोजागीं खडीनें भरलेले चढते फांटे काढून ठेवले आहेत. ब्रेक सुटलेला ट्रक चालकानें त्यांत घालावा आणि खडींत रुतून थांबावें, अशी ती सोय आहे. घरगाडीस स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, ते ट्रकांतून चालतात. आणि जोड सुटलाच तर एक तार ताणली जाऊन घरगाडी आपले ब्रेक आपण लावते. या योजना उत्तमच आहेत. तरी पुढचा ट्रक जर ओझ्याखालीं आधींच वांकला असेल तर त्यांवर किती विसंबावें?

त्या रात्रीं कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळीं वाचन लूकच्या शुभवर्तमानांतील होतें: बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो, तो भाग. तें आम्हीं निवडलें नव्हतें, नेमानेंच आलें होतें. पण दादांनीं आमच्याकडे संशयानें पाहिलें. प्रार्थना झाली, आणि वहिनींनीं इतके दिवस मनांत ठेवलेला प्रश्न विचारला.

“भाऊजी, तुमच्या बेरजेंत माझें वजन धरलेंत, पण यांना वाटेंत कांहीं झालें तर ही गाडी कोण हांकणार, तें कोठें धरलेंत?”

कोणींच उत्तर दिलें नाहीं. दादांनीं चष्मा काढून पुसला. विक्रेत्याच्या कागदांत, कारखान्याच्या पुस्तकांत आणि आमच्या वहींत जो रकाना नव्हता तो त्या माउलीनें एका वाक्यांत काढला होता. अडतीस फुटी घर नेण्यास मागें चार टायरांचा रुंद एकटनी ट्रक घेतां आला असता. त्याची पाठ पांच हजारांहून अधिक पौंड घेते, आणि वजनाचा प्रश्न तेथेंच मिटला असता. पण ट्रक व घर मिळून साठ फुटांच्या जवळ जाणारी ती आगगाडी वहिनींनीं रात्रीं अनोळखी गांवांत, शेजारीं आजारी पति असतां, दवाखान्याच्या दारापर्यंत नेली असती काय? त्यांनीं स्वतःच नाहीं म्हटलें.

दुसऱ्या दिवसापासून शोध उलट्या दिशेनें सुरू झाला. वहिनींस जी हांकतां येईल ती गाडी आधीं. घर त्या मापाचें. अखेर ठरला तो मागें दोनच टायर असलेला एकटनी डिझेल ट्रक. त्याच्या दारावरची चिठ्ठी ३,९०० पौंडांची होती, आणि उतारावर इंजिनाचा धूर कोंडून वेग आवरण्याची सोय त्यांत होती. हौदा पूर्ण आठ फुटी घेतला. आंखूड हौद्यांत वळण घट्ट घेतलें तर घरगाडीचा कोपरा ट्रकाच्या पाठीवर आदळण्याची भीति असते. घर तीस फुटी, मर्यादा ११,५०० पौंड. पांचवा हिस्सा २,३००, वरचे ६३०, एकूण २,९३०. म्हणजे ९७० पौंड शिल्लक. दादांची सांठविलेली रक्कमही त्या मानानें थोडी वांचली. टेबल मात्र चार माणसांचें होतें. वहिनी त्याच्या कडेवरून हात फिरवून कांहीं वेळ उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “चालेल.”

जून महिन्याच्या संध्याकाळीं चर्चच्या मोकळ्या आवारांत त्यांचा अभ्यास चाले. पुढें जाणें त्यांस लवकर साधलें. मागें घेणें हें खरें शिक्षण. घराचें शेपूट उजवीकडे न्यावयाचें तर सुकाणूंचक्र प्रथम डावीकडे फिरवावें लागतें, आणि घर वळूं लागतांच पुन्हां त्याच्या मागें जावें लागतें. दादा बाहेर उभे राहून हातवारे करीत. वहिनी कांच वर करून घेत. उंचीचा धडा आम्हीं सांगितला. उत्तर कॅरोलिना संस्थानांत डरहॅम येथें आगगाडीचा एक पूल रस्त्यापासून ११ फूट ८ इंचच उंच होता. त्याखालीं इतक्या ट्रकांचीं छपरें सोललीं गेलीं कीं २०१९ सालीं तो आठ इंच उचलावा लागला. दादांचें घर १३ फुटांचें. तें डरहॅमला कधीं जाणार नाहीं. तरी उंचीचा आंकडा वहिनींनीं चिठ्ठीवर लिहून समोरच्या कांचेखालीं चिकटविला.

सप्टेंबरांत दादांनीं वजनकांट्याच्या पावत्यांचें छायाचित्र धाडलें. तिकडे हमरस्त्यावरील ट्रकतळांवर असे कांटे असतात कीं पुढचा आंस, मागचा आंस आणि घरगाडीचे आंस निरनिराळे तोलले जातात. दोघें बसलेला, तबकडी लावलेला एकटा ट्रक ७,९३० पौंड. घर जोडल्यावर तोच ट्रक १०,०३०. घराच्या आंसांवर ८,३५०. आम्हीं ते तीन आंकडे नववीच्या वर्गांत फळ्यावर लिहिले, आणि पिनेवर किती भार आला व तो घराच्या एकंदर वजनाचा कितवा हिस्सा, असें विचारलें. बहुतेकांनीं २,१०० काढले. हिस्सा काढतांना मात्र निम्म्या वर्गानें त्यास ८,३५० नें भागलें. घराच्या वजनाचा कांहीं भाग ट्रकाच्या पाठीवर आहे आणि तो मिळवून १०,४५० होतात, हें मागच्या बांकावरील एका मुलीनें दाखवून दिलें.

छायाचित्राच्या कडेस वहिनींच्या अक्षरांत दोन ओळी होत्या. बोगद्यापासून खालचा सर्व उतार त्यांनीं स्वतः हांकला होता. आणि ग्रँड जंक्शनला पहिल्या दिवशीं चौघें टेबलाशीं जेवलीं, दोघें नातू पायरीवर ताट घेऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशीं पायरीवर बसण्यासाठींच चौघांत भांडण झालें.