पडण्याची विद्या

'उपयोग' हा शब्द दिसायला मोठा गरीब आहे. पण कचेरीत त्याच्याइतका दरारा दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नसेल. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी कारकून आहे आणि अनुदानित संस्थांची उपयोगिता प्रमाणपत्रे तपासणे हे माझे नित्यकर्म. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांत त्यांचा नमुनाही ठरवून दिलेला आहे. पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामी लागला, एवढे कागदावर सिद्ध झाले की फाइल पुढे सरकते. मनुष्य जे जे करतो त्या साऱ्यालाच असे प्रमाणपत्र मागायचे ठरले, तर चांदणे पाहत बसणारे आणि निवांत विडा रंगविणारे किती जण अडकतील, या विचाराने मला पुष्कळदा हसू येते.

गेल्या हिवाळ्यात हा शब्द माझ्या घरीच येऊन उभा राहिला. माझी मुलगी आठवीत आहे आणि दोन वर्षे ज्यूदो शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने 'मर्दानी खेळांतील विज्ञान' हा विषय घेतला होता. प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याखाली आपली कंबर घातली की थोड्या बळानेही जड देह कसा उलथतो, मल्लखांबाला एरंडेल चोळल्याने घर्षणाचे काय होते, हे सारे तिने आकृत्या काढून नेटके मांडले होते. कोरा राहिला होता तो अर्जातील शेवटचा रकाना : 'दैनंदिन जीवनातील उपयोग'.

मी तत्परतेने 'स्वसंरक्षण' सुचविले. दिल्लीत राहणाऱ्या कोणत्याही बापाला हेच उत्तर प्रथम सुचेल; येथील पोलीसही मुलींसाठी त्याचे वर्ग चालवितात. परंतु तिचे समाधान होईना. ती म्हणाली, "बाबा, दोन वर्षांत मी बाहेर कुणालाही पाडलेलं नाही. पण वर्गात मी स्वतः रोज पन्नास वेळा पडते!"

या उत्तराने मी विचारात पडलो. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली. त्या परंपरेत शिष्याला आधी पडायला शिकवितात, पाडायला मागाहून. आपल्या तालमींनाही ही गोष्ट अपरिचित नव्हती. आखाड्यातील तांबडी माती कुस्तीपूर्वी खणून भुसभुशीत करतात, ती काय केवळ शोभेसाठी? शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. तेथे चीतपट होणारा मल्लही दुसऱ्या दिवशी जोर मारायला उभा राहतो, याचे अर्धे श्रेय त्या मातीला द्यावे लागेल.

कन्येने या मातीचे शास्त्र मला स्वयंपाकघरात समजावून दिले. एक मीटर उंचीवरून तिने एक अंडे फरशीवर आणि दुसरे आजीच्या घडी घातलेल्या गोधडीवर टाकले. पहिले फुटले, दुसरे शाबूत राहिले. खाली पोहोचताना दोहोंचा वेग सारखाच, ताशी सुमारे सोळा किलोमीटर. पण गोधडीवरच्या अंड्याला थांबायला अधिक वेळ मिळाला. थांबण्याचा वेळ दुप्पट झाला की सरासरी आघात निम्मा होतो. जेथे गोधडी नसते तेथे देहालाच गोधडी करावे लागते. हनुवटी छातीशी घ्यावी, पाठीची कमान करावी, ताठ न राहता लोळण घ्यावी. म्हणजे एकाच हाडाचा भार साऱ्या अंगावर वाटला जातो. आपली उपजत बुद्धी नेमके उलटे सांगते. ती हात ताठ पुढे करते आणि मनगट मोडून घेते.

माझी आई कोपऱ्यात बसून हे सारे पाहत होती. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली होती. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. आमचे सरकारी घर दुसऱ्या मजल्यावर. खाली दुपारच्या उन्हात म्हाताऱ्यांची बैठक जमते. तेथे पंजाबी आणि गढवाली शेजारणींशी मोडक्या हिंदीत बोलणे, हाच सांगलीहून आलेल्या माझ्या आईचा दिल्लीतील सारा गोतावळा. पडण्याच्या भीतीने तिने तोही सोडला होता. जी माणसे भीतीने चालणे सोडतात त्यांचे पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय अधिक लवकर घसरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे दरवर्षी जगात ६,८४,००० माणसे मरतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण वृद्धांचे असते. ज्यूदोच्या रीतीने कुशीवर लोळून पडल्यास खुब्यावरचा आघात कमी होतो, असे नेदरलँड्समधील संशोधकांना प्रयोगांत आढळले आहे. चीनमधील ताई ची या युद्धविद्येच्या संथ सरावाने वृद्धांचे पडणेच कमी होते, हेही अनेक प्रयोगांनी दाखविले आहे. मुलीने हे सारे त्या कोऱ्या रकान्यात लिहिले.

अर्थात अडुसष्ट वर्षांच्या बाईला घरच्या घरी लोळण घ्यायला लावणे हा वेडेपणा झाला असता. डॉक्टरांना विचारून नातीने आजीचे वेगळेच शिक्षण आरंभिले. खुर्चीला धरून एका पायावर उभे राहायचे. टाचेला चवडा लावून भिंतीच्या कडेने चालायचे. आणि पडलोच तर न घाबरता आधी कुशीवर, मग हातागुडघ्यांवर येऊन, भक्कम आसनाच्या आधाराने उठायचे. हा शेवटचा धडा आईला सर्वांत आवडला. तिला बहुधा पडण्याचे भय नव्हतेच. पडून राहण्याचे होते.

प्रदर्शनात मुलीचा क्रमांक आला नाही. परीक्षकांना सौरऊर्जेची चूल अधिक उपयुक्त वाटली, आणि त्यात गैर काहीच नाही. फेब्रुवारीतील एका रविवारी, धुके विरल्यावर, आई कठडा धरून जिना उतरू लागली. नात एक पायरी पुढे होती. मी मदतीला हात पुढे केला, तेव्हा आई म्हणाली, "तू वरच थांब. उठायचं कसं ते मला ठाऊक आहे."