आमच्या विहिरीवरचे खोपे

पक्षी सप्ताहाच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजी मला म्हणाले, "तुझ्या वहीतलंच लिही." म्हणून लिहिते.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर एक बाभूळ आहे. ती इतकी वाकली आहे की तिच्या निम्म्या फांद्या पाण्यावर लोंबतात. दर पावसाळ्यात सुगरण पक्षी त्या फांद्यांना खोपे टांगतात. त्यांचा कलकलाट पार आमच्या वस्तीपर्यंत ऐकू येतो.

सन २०२५ च्या श्रावणात वर्ग सजवायला पानं, पिसं, बिया असं काहीबाही आणायचं होतं. मला वाटलं, आपण खोपा न्यावा. तो दुसरं कुणी आणणार नव्हतं. मी आणि माझा चुलतभाऊ आकडी घेऊन गेलो. विहिरीकडे एकटं जायचं नाही असं घरी बजावलेलं आहे, तरी गेलो. पाण्यावरच्या खोप्यांना आकडी पुरेना. बांधाच्या बाजूला मात्र एक खोपा खाली होता, छान लांब नळीचा. तो पिवळा पडला होता, म्हणून मला वाटलं जुना आहे, रिकामा असेल. खोपा मी निवडला. ओढला त्याने.

खोपा हातात जड लागला. आत हात घातला तर तीन पांढरी अंडी. एक फुटलं होतं. माझी बोटं चिकट झाली. डोक्यावर एक चिमणीसारखं पाखरू ओरडत घिरट्या घालत होतं. आम्ही घाईघाईने खोपा सुतळीने परत फांदीला बांधला आणि दिवस मावळेपर्यंत लांब बसून राहिलो. ती यायची, खोप्याला लटकायची, पण आत जायची नाही. तिसऱ्या दिवशी खोप्याला मुंग्या लागल्या.

आजीला सांगितलं. ती काही बोलली नाही, भाकरी वाढत राहिली. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गुरुजींना सांगितलं तेव्हा वाटलं, आता छडी बसणार. पण त्यांनी मला एक कोरी वही दिली. म्हणाले, "रोज खोपे मोज. अर्धे किती, पुरे किती, कोण येतं, कोण जातं. आणि विहिरीपासून लांब बसून." मग शाळा सुटल्यावर मी आणि आजी लिंबाखाली बसायचो.

सुगरण हे नाव बाईचं वाटतं ना? पण खोपा विणतो नर! पावसाळ्यात त्याचं डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. मादी चिमणीसारखी साधी. नर गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, की लांब दोरा निघतो. एका खोप्याला ५०० पर्यंत खेपा होतात म्हणे. मी ३७ मोजल्या आणि मग आजीला झोप लागली.

खोपा घंटेसारखा अर्धा झाला की नर थांबतो. खाली लटकून पंख फडफडवतो आणि ओरडतो. मग मादी बघायला येते. आत बसते, एखादा दोरा ओढून बघते, नाही आवडला तर भुर्रर्र. एका खोप्याला चार जणी नको म्हणून गेल्या. ताईला बघायला पाहुणे यायचे त्याची मला आठवण झाली, पण इथे नाकारणारी ती असते. पसंत पडला तरच नर पुढे नळी विणतो. मादी अंडी उबवायला बसली की हा दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. हे ऐकून आजी म्हणाली, "मेल्याला काय म्हणावं!"

ही गोष्ट डॉ. सालिम अली यांनी किहीम या गावी सुगरणींना बघून बघून शोधली आणि १९३१ साली छापली. गुरुजींनी आणखी एक सांगितलं. मादी विणकामापेक्षा जागा जास्त बघते. उंच हवी, फांदी जाड हवी, झाड काटेरी हवं. मी वहीत बघितलं. आमचे जवळजवळ सगळे खोपे झाडाच्या पूर्व बाजूला आहेत. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो.

आजी म्हणायची, सुगरण दिव्यासाठी खोप्यात काजवे चिकटवते. मी काढलेल्या खोप्यात माती लिंपलेली होती. काजवा नव्हता.

बाभळीवर एकूण १४ खोपे होते. ८ अर्धेच राहिले, ६ पुरे झाले. त्या सहांत माझा एक. मग त्या मादीने बांधाकडची खालची जागा का घेतली? गुरुजी म्हणाले, "उशिरा आली असेल. चांगल्या जागा गेल्या असतील." मी बाभळीखाली जाऊन पुन्हा बघितलं. आकडी पोहोचेल असा तो एकच होता.

सप्टेंबरात पाऊस लई झाला. एका रात्री वाऱ्याने पाण्यावरचा एक खोपा तुटून विहिरीत पडला. अण्णांनी बादलीने काढला. आत दोन पिल्लं होती, मेलेली. ती जागा तर चांगली होती.

अण्णांना बाभूळ तोडायचीच होती. तिच्या मुळ्यांनी विहिरीचे दगड सुटतात, आणि पाखरं बाजरी खातात. आजी म्हणाली, "आरं, पिल्लांना नाकतोडे आन् अळ्याच चारत्यात ती. पोरीच्या वहीत बघ." अण्णांनी खरंच वही घेऊन बघितली. बाजरी तोवर पावसानेच आडवी केली होती.

"अजून किती भरलेत?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मग दिवाळीनंतर बघू."

चारपैकी तीन खोप्यांतून पिल्लं उडाली. चौथ्याचं मला कळलं नाही, मी त्या दिवशी मामाच्या गावी होते.

दिवाळी झाली. कुऱ्हाड ओसरीत टेकवलेली आहे. एका रिकाम्या खोप्यात छोटी तपकिरी पाखरं ये-जा करतात. गुरुजी म्हणाले, त्या मुनिया, त्या कधीकधी सुगरणीचा जुना खोपा वापरतात.

काल अण्णांनी विचारलं, "वही संपली का गं?"

मी म्हणाले, "नाही. मुनिया आल्यात."