वाचलेल्यांसाठी विधी नाही: खान्देशातील अपघात आणि त्यानंतरचा काळ

मोठ्या अपघातात दगावलेल्यांचे काय करायचे हे गावालाही ठाऊक असते आणि सरकारलाही. गावाकडे सुतक, दशक्रिया आणि गंधमुक्तीची ठरलेली वाट असते, सरकारकडे पंचनामा, शवविच्छेदन आणि सानुग्रह मदतीची. त्याच अपघातातून जिवंत परतलेल्या माणसाचे काय करायचे, हे मात्र दोघांनीही कधी नीट ठरवलेले नाही. ‘वाचलेला’ या शब्दात येथे दोन प्रकारची माणसे धरली आहेत: एक, जो प्रत्यक्ष घटनेत सापडूनही जिवंत राहिला तो, आणि दुसरा, जो घरीच होता पण ज्याचे घर त्या घटनेने अर्धे झाले तो. या दोघांची दुःखे एकाच ओट्यावर शेजारी बसत असली तरी त्यांची जात वेगळी असते, हे प्रस्तुत लेखकाला जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरी दारावर जाऊन आल्यानंतर हळूहळू उमगत गेले.

23 ऑगस्ट 2024 रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची एक बस नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीच्या पात्रात कोसळली आणि 27 जणांचा मृत्यू झाला. प्रवासी मुख्यतः भुसावळ तालुक्यातील वरणगाव आणि आसपासच्या गावांतले होते. एकाच घरातली, एकाच भावकीतली माणसे शेजारच्या सीटवर बसलेली होती, कारण आपल्याकडे यात्रेला माणूस एकटा जात नाही, नातेवाईक जमवूनच जातो. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानाने 25 मृतदेह जळगाव विमानतळावर आणण्यात आले आणि तेथून ते गावोगाव नेण्यात आले. जखमी मात्र काठमांडूच्या रुग्णालयात होते. म्हणजे ज्यांच्या माणसांवर गावात अग्निसंस्कार होत होते, त्यांपैकी काही जण त्या वेळी परदेशातल्या खाटेवर पडून होते, आणि आपल्या माणसाचे शेवटचे दर्शन त्यांच्या वाट्याला आले नाही.

दारावर जाणे ही खान्देशातली रीत बाहेरच्या माणसाला केवळ औपचारिक वाटण्याचा संभव आहे. मयताच्या घरी नातेवाईक, व्याही, ओळखीचे गटागटाने येतात, पुरुष ओट्यावर किंवा मांडवात बसतात, बायका आत जातात आणि प्रत्येक नव्या गटाबरोबर आतला आक्रोश पुन्हा एकदा उठतो. मग पाणी येते, चहा येतो, मयताच्या स्वभावाच्या दोन-चार गोष्टी निघतात आणि मंडळी उठतात. या येण्याजाण्यात दुःखी माणसाला एकटे बसू दिले जात नाही, चूल काही दिवस भाऊबंद सांभाळतात, आणि तीच हकीकत वेगवेगळ्या माणसांना सांगता सांगता तिची धार थोडी बोथट होत जाते. नेपाळच्या अपघातानंतरचा दहावा दिवस पोळ्याच्या तोंडावर आला होता, पाठोपाठ गणपती आणि मग पितृपक्ष. पंचांगानेच जणू त्या घरांना हाताला धरून पहिल्या महिन्यातून पुढे नेले. ही व्यवस्था जुनी आहे आणि तिच्यात मानपानाचा, खर्चाचा, विधवेला कोपऱ्यात बसवण्याचा दोष आहेच. तरीही शोक करणाऱ्याला वेळापत्रक देण्याचे तिचे काम कोणत्याही समुपदेशन केंद्राला अजून तितके साधलेले नाही.

परंतु हे वेळापत्रक मयताच्या वारसांसाठी आहे. हातात सळई घातलेला, टाक्यांनी कपाळ शिवलेला माणूस जेव्हा त्याच ओट्यावर बसतो, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाची नजर त्याच्याकडे वळते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तुम्ही कुठे बसलेले होते?’ धुळ्याकडे हेच अहिराणीत विचारतात, ‘तू कसा वाचना रे भाऊ?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, त्यात कुतूहलही असते. ऐकणाऱ्याला मात्र तो उलटतपासणीसारखा लागतो, कारण खिडकीची सीट आपण बायकोला दिली होती की तिने मागून घेतली होती, हा हिशेब तो स्वतःशी रात्रभर मांडत असतो. विल्यम नीडरलँड या मनोविकारतज्ज्ञाने नाझी छळछावण्यांतून सुटलेल्यांवर उपचार करताना 1960च्या दशकात या अवस्थेचे वर्णन केले. वाचल्याची अपराधी भावना, म्हणजे कोणताही गुन्हा नसताना केवळ आपण जिवंत आहोत याचीच टोचणी लागणे, असे तिचे स्वरूप सांगता येईल. ‘देवाने वाचवलं’ हे सांत्वन येथे उलटे पडते, कारण मग शेजारच्या सीटवरच्या माणसाला देवाने का सोडले, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

दुसरी फळी कागदांची. पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार रुपये जाहीर झाले होते; पण जाहीर झालेली कोणतीही मदत खात्यात येण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, आधार, पासबुक यांचा मेळ बसावा लागतो, आणि परदेशातल्या मृत्यूत तिथली यंत्रणा व वकिलात यांच्या कागदांची त्यात भर पडते. अशा घरांत खुंटीला अडकवलेली प्लॅस्टिकची एक पिशवी दिसते, तिच्यात झेरॉक्सचे गठ्ठे आणि पासपोर्ट आकाराचे फोटो असतात. घरातला जो मुलगा जेमतेम शिकलेला तो एका रात्रीत घरचा कारभारी होतो आणि तहसील, बँक, विमा कचेरी अशा खेपा घालू लागतो. या खेपा त्रासाच्या असतात, पण त्या मुलाला त्याच उभे ठेवतात, असेही पाहण्यात आले आहे. पडते ते नंतर, पिशवी रिकामी झाल्यावर.

दारच नसलेल्यांचे दुःख आणखी निराळे. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ आग लागल्याच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जण सापडले. मृतांत नेपाळचे नागरिकही होते. पाच महिन्यांपूर्वी खान्देशातली माणसे नेपाळमध्ये गेली होती, आता नेपाळची माणसे खान्देशात गेली. गाडी काही वेळाने पुढे मुंबईला निघाली आणि तिच्यात बसलेले शेकडो साक्षीदार आपापल्या कामाला पांगले. डोळ्यांदेखत सहप्रवासी गमावलेल्या या माणसांकडे बसायला कोण जाणार, आणि कुठल्या दारावर? साक्री तालुक्यातील राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारे समजून जमावाने ज्या पाच भिक्षेकऱ्यांना मारले, ते मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. भटक्या जमातीच्या त्या कुटुंबांचा उपजीविकेचा रस्ता आणि मृत्यूचा रस्ता एकच होता. ज्या वाटेने कर्ता माणूस गेला, त्याच वाटेने मागे राहिलेल्यांना पुन्हा गावोगाव फिरण्यावाचून इलाज नव्हता.

शेजार आणि हातातले काम माणसाला सावरतात, हे खान्देशाबाहेरही दिसले आहे. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात नवी गावठाणे आखली गेली, तेव्हा सरळ रस्त्यांच्या हव्यासात जुन्या गल्ल्या आणि शेजार मोडले. उलट, घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावच्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले, तेव्हा त्या कामाने त्यांना बळ दिले. शास्त्रही आता याच दिशेने बोलते. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत उपयोगाची नाही असे संशोधनांती दिसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना मानसिक प्रथमोपचाराचा, म्हणजे सुरक्षितता, गरजेच्या वस्तू, आपल्या माणसांशी गाठ आणि बोलायचे असेल तर ऐकून घेणे या साध्या क्रमाचा, आग्रह धरते. बहुतेक माणसे काही महिन्यांत सावरतात. ज्यांची झोप महिना उलटूनही परत येत नाही, बसचा आवाज ऐकताच ज्यांचे अंग थरथरते, त्यांना आघातोत्तर ताणविकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात आणि वर्षभरात गेलेल्या माणसाची घागर त्या दिवशी पहिल्यांदा मांडली जाते. नेपाळच्या अपघातानंतरची पहिली आखाजी 30 एप्रिल 2025 रोजी आली, तोवर दारावर येणाऱ्यांची वर्दळ केव्हाच थांबलेली होती. म्हणून या भागातल्या वाचकांना एवढीच विनंती आहे की अशा घरी पहिल्या तेरा दिवसांत एकदा गेलात तर सहाव्या महिन्यात पुन्हा एकदा जावे, वाचलेल्याला तो कुठे बसला होता हे विचारू नये, आणि त्याची झोप उडालेली दिसली तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक त्याला स्वतः लावून द्यावा. तेथे मराठीत बोलता येते.